उन्हाची वाटणी

संजीवनीने ट्रे खड्ड्यावर उपडा केला. अंडी एकमेकांवर आपटली, काही फुटली, काही गडगडत कडेला जाऊन थांबली. फुटलेल्यांतून पिल्लं दिसत होती. अंगावर पिसं आलेली, डोळे मिटलेले, अगदी बाहेर यायच्या तयारीत. एक-दोन अंड्यांना तर आतून चोचीने टोचा मारलेला होता.

"जाऊ दे," मागे उभा असलेला आनंदा म्हणाला. "पुढच्या खेपेला निघतील."

तिने रिकामा ट्रे असा आदळला की शेडमधल्या कोंबड्या फडफडून जाळीला धडकल्या.

"काय जाऊ दे? दुसरा शब्द येतो का हो तुमच्या तोंडून? बांधापर्यंत बिल्डिंग आली, जाऊ दे. ऊन गेलं, जाऊ दे. आता ही एवढी पिल्लं गुदमरून मेली, तरी जाऊ दे?"

आनंदाने फावडं घेतलं आणि माती ओढायला लागला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं उत्तर हे असंच, हातांनी दिलेलं. तोंडाला कुलूप. त्या कुलपाचाही तिला त्या सकाळी संताप आला.

बदलापूर मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला त्यांचं घर. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये गावरान कोंबड्या आणि अंडी उबवायचं मशीन. हा धंदा संजीवनीने एकटीच्या जिवावर उभा केला होता. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिच्याकडे अंडी आणून ठेवायच्या आणि पिल्लं घेऊन जायच्या. मशीनला ऊब सतत लागते. लाइट गेली आणि ऊब तुटली की खेळ खलास. आणि त्या भागात लाइट कधी जाईल आणि कधी येईल, ते कुणाच्याच हातात नव्हतं. म्हणून तिने उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून मोठी बॅटरी आणि चार सोलर पॅनल आणली होती. पत्र्याच्या उतारावर ती आडवी ठोकून घेतली होती आणि काही वर्षं निर्धास्त झोपली होती.

मग पश्चिमेला ती बिल्डिंग उभी राहिली.

ती जमीन तिच्या दिराची, विनीतची. संजीवनी लग्न होऊन आली तेव्हा विनीत शाळेत होता. त्याचा डबा तिने भरला, गणवेश तिने धुतला. पुढे तो शिकला, आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑफिसर झाला. सासरे गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा घराकडचा तुकडा आनंदाला आला आणि पश्चिमेचा विनीतला. विनीतने आपला तुकडा एका बिल्डरला दिला आणि बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. भूमिपूजनाच्या दिवशी तो वहिनीच्या स्वयंपाकघरात येऊन जेवला होता. तोंडात घास असतानाच म्हणाला होता, "वहिनी, बिल्डिंग रस्त्याच्या अंगाला होणार. चारच मजले. तुझ्या शेडवर सावली नाही पडणार. माझा शब्द."

बिल्डिंग झाली सात मजल्यांची, आणि तीही बांधाला खेटून. जेवणं उरकतात न उरकतात तोच तिची सावली शेडवर येऊन बसायची. चांगलं ऊन अर्ध्यावर तुटायचं, बॅटरी अर्धवट भरायची. आदल्या दिवशी कुठेतरी ट्रान्सफॉर्मर जळला, आणि संध्याकाळी बॅटरीने मान टाकली. तिने गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. काही उपयोग झाला नाही.

खड्डा बुजला. संजीवनीने मान वर केली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत नीलिमाचे, म्हणजे विनीतच्या बायकोचे, धुतलेले कपडे वाळत होते. ते राहायला आल्यापासून विनीत एकदाही जिना उतरून इकडे आला नव्हता. समोर दिसला तरी गाडीची काच वर करायचा.

"थांब," ती त्या गॅलरीकडे बघून दातओठ खात म्हणाली. "थांब तू."

*

बबनचं फॅब्रिकेशनचं दुकान आनंदनगरच्या कोपऱ्यावर होतं. गेट, जाळ्या, शटर अशी कामं तो करायचा. संजीवनीने त्याला सगळं सांगितलं, तेही इतक्या जोरात की बाजूच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले.

"ताई, पहिलं पाणी पी," बबन म्हणाला. "पॅनल वर घेऊ का? उंच खांब मारतो."

"सात मजल्यांच्या वर नेतोस? आहे तेवढा पाइप?"

बबन हसला.

"सकाळचं ऊन माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "दुपारनंतरचं त्यांनी गिळलं. मग जे आहे ते मला सगळं पाहिजे, एक थेंब सांडायला नको. पॅनल सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली पाहिजेत. ऊन वर चढलं की आडवी झाली पाहिजेत."

"मोटर लावायची का मग?"

"मोटरला लाइट तू देणार? हाताने फिरवीन. पाळणा हलवतात तसं काहीतरी कर."

तिने त्याच्याच खडूने फरशीवर चित्र काढलं. मध्ये एक जाड पाइप, उत्तर-दक्षिण, त्यावर चौकट, चौकटीवर चार पॅनल. बबन उकिडवा बसला आणि बोटाने तिचा पाइप पुसून थोडा वर काढला.

"पाइप इतका खाली नको. वजन वर गेलं तर कलंडेल आणि तुझ्या हाताला हिसका देईल. वजनाच्या बरोब्बर मधून गेला पाहिजे. आणि पत्र्यावर काही टाकायचं नाही. वारा सुटला तर पत्र्यासकट घेऊन जाईल. शेडचे जे लोखंडी खांब आहेत तेच वर वाढवू."

"वाढव."

"आणि पाइपाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग लागतील. कॅम्प तीनला मिळतील, मी नाव लिहून देतो. शेअर रिक्षाने जा, उगाच स्पेशल करू नको."

पुढचे काही दिवस शेडवर ठिणग्या उडत होत्या. खांब वाढले, त्यांच्या माथ्यावर बेअरिंग बसली, त्यांत पाइप गेला. पाइपाला चौकोनी नळ्यांची चौकट वेल्ड झाली आणि तिच्यावर पॅनल कसली गेली. पाइपाच्या टोकाला एक लांब दांडा खाली सोडला होता, जमिनीवर उभं राहून हात पोचेल इतका. दांड्याच्या खालच्या टोकाशी, भिंतीवर, अर्धचंद्रासारखी पट्टी बसवली होती आणि तिला ओळीने भोकं पाडली होती. दांडा ढकलायचा, हव्या त्या भोकात खीळ घालायची, की पॅनल तिथेच थांबणार. आनंदा चौकट धरून तासन् तास उभा राहिला. तोंडातून अवाक्षर नाही, पण हातही हलला नाही.

शेवटच्या दिवशी बांधाच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"वहिनी, हे मला सांगितलं असतंस तर मी कारखान्यातून करून आणलं असतं."

विनीत होता. भिंतीवर दोन्ही हात ठेवून, जणू काल संध्याकाळीच गप्पा मारून गेला असावा असा उभा. संजीवनीच्या हातात पाना होता. तो तिने फेकला नाही, पण तिला पाहणाऱ्याला वाटलं असतं की आता फेकणार.

"तू करून आणणार? तू? आधी घाव घालायचा आणि मग मलम घेऊन यायचं? चालता हो इथून."

"मी काय म्हणतोय ते—"

"चालता हो म्हटलं ना! चौथ्या मजल्यावर जा, तिथून बघ. बघायला तर चांगलंच दिसतं तुला."

विनीतचे हात भिंतीवरून गेले. बबनने काही ऐकलंच नाही असं दाखवत वेल्डिंगची काच तोंडासमोर धरली.

*

चौकट झकास चालली. एका हाताने ढकललं की चारही पॅनल डुलत वळायची. सकाळी पूर्वेला तोंड, जेवायच्या आत बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा. बऱ्याच दिवसांनी कौसाबाई अंडी घेऊन आली. तिची वाडी टेकडीपलीकडे, आणि एवढ्या लांबून ती अंडी डोक्यावर टोपलीत आणायची. संजीवनीने तिची अंडी आपल्या अंड्यांसोबत मशीनमध्ये लावली.

आणि मग एका सकाळी ते झालं.

आदल्या संध्याकाळी पॅनल आडवी ठेवली होती, ती सकाळी वळवायची राहिली. नऊच्या सुमारास ती दाणे टाकत होती. सहज वर पाहिलं, तर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत पांढरीफेक तिरीप पडलेली. पॅनलच्या काचेवरून ऊन उसळून थेट तिथे जात होतं. नीलिमा कपडे वाळत घालायला आली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून मागे सरली. पडदा खस्सकन ओढला गेला.

संजीवनी हसली. पिल्लं पुरल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पॅनल मुद्दाम आडवी ठेवली. ऊन चढलं की तिरीप वर सरकायची, पाचव्यावर, सहाव्यावर. मग संजीवनी खीळ काढायची, दांडा एका भोकाने सरकवायची आणि तिरीप पुन्हा चौथ्यावर आणायची. दर खेपेला पॅनल उन्हाकडे पाठ करून पश्चिमेला झुकायची. आपल्याच हाताने आपण आपलं ऊन सांडतोय हे तिला दिसत होतं. दिसूनही तिचा हात थांबत नव्हता. गॅलरीतला पडदा बंद झाला की तिच्या छातीत काहीतरी सुखावायचं. घ्या. ऊन पाहिजे होतं ना तुम्हाला? घ्या, पोटभर घ्या.

बॅटरीचा दिवा आता दुपारपर्यंत हिरवा व्हायचा नाही. आनंदा त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"मळभ आहे आजकाल," ती म्हणाली.

आनंदाने आभाळाकडे पाहिलं. आभाळ लखलखीत होतं. तो विहिरीकडे गेला.

*

रविवारी सकाळी दोघं आले. एक विनीत, आणि दुसरे दिनानाथ, सोसायटीचे सेक्रेटरी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी चपला शेडबाहेर काढल्या, ते पाहूनच संजीवनी चिडली. एवढ्या सभ्य माणसाशी भांडायला अवघड जातं.

"ताई, तक्रार म्हणून नाही आलो," दिनानाथ म्हणाले. "पण तुमच्या पॅनलचा झोत सकाळी आमच्या घरांत येतो. विनीतच्या शेजारची खिडकी माझी आहे. माझ्या पत्नीचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला त्या खोलीत बसवत नाही."

हे संजीवनीला ठाऊक नव्हतं. तिरीप एका गॅलरीपुरती कापून पाठवता येत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत कुठेतरी चरचरलं, आणि त्या चरचरण्याने ती आणखीच भडकली.

"म्हणजे आमचं ऊन तुम्ही खायचं आणि वर आम्हालाच जाब विचारायचा? माझी पिल्लं मेली तेव्हा कोण आलं होतं खाली? तुमच्या बिल्डिंगची सावली माझ्या घरात येते तिची तक्रार मी कुणाकडे करू? सूर्याकडे?"

"तुमचं म्हणणं खोटं नाही," दिनानाथ म्हणाले. "मला फक्त एक कळत नाही. मी दोन-तीन दिवस बघतोय. सकाळी ऊन पूर्वेला, आणि तुमची पॅनल आमच्याकडे कललेली. यात तुमचंच नुकसान होतं. मला वाटलं, जोडणी उलटी झाली की काय."

आनंदा दाराशी पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्याने दांड्याकडे पाहिलं, खीळ कुठल्या भोकात आहे ते पाहिलं, आणि मग बायकोकडे.

"जोडणी उलटी नाही झाली," संजीवनी म्हणाली. आता मागे फिरायची सोय नव्हती. "मीच फिरवते. मुद्दाम."

"मुद्दाम?" विनीतचा आवाज चढला. "वहिनी, नीलिमाचं डोकं रोज दुखतं. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो, चष्मा बदलला तिचा! आणि तू मुद्दाम?"

"हो! मुद्दाम! तू शब्द मुद्दाम नव्हतास दिला? माझ्या ताटात जेवताना?"

"मला बिल्डरने जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं! पुढे त्याने प्लॅन बदलला. मी गेलो होतो भांडायला. हसला तो माझ्यावर. काय करणार होतो मी? आणि वाटणीत मला काय आलं ते बघ ना. विहीर तुम्हाला, घर तुम्हाला. माझ्याकडे कातळ. गवत उगवत नव्हतं तिथे. मी ती जमीन द्यायची नाही तर काय उराशी धरून बसायचं होतं?"

"देऊ नको असं मी म्हटलं कधी? एकदा तरी म्हटलं? तुझी जमीन, तू विकून खा नाहीतर वाटून टाक. पण प्लॅन बदलला तेव्हा येऊन सांगायचं होतंस. वहिनी, मी फसलो, माझ्या शब्दाला किंमत नाही राहिली. एवढंच. जिना उतरायला किती वेळ लागतो रे? माझ्या डोक्यावर राहतोस आणि मला बघून काच वर करतोस?"

"कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"ज्या तोंडाने जेवायला यायचास त्याच तोंडाने!"

विनीतचा चेहरा लालबुंद झाला होता. तो वळला आणि भराभरा निघून गेला. थोड्या वेळाने त्याच्या गाडीचा आवाज रस्त्याला लागला.

दिनानाथ चपला घालत होते. संजीवनी त्यांच्या पाठीशी बोलली, "उद्यापासून वळवीन पॅनल. तुमच्या बायकोच्या डोळ्यांसाठी. त्याच्यासाठी नाही."

"आभारी आहे," ते म्हणाले. आणि ते खरंच आभारी होते, हे पाहून ती आत जाऊन भांड्यांवर राग काढत बसली.

*

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर लाइट गेली. आधी तिला काही वाटलं नाही. मग शेडमधून आनंदाची हाक आली. ती हाक तिने यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

"संजीवनी! इकडे ये. ये आधी."

बॅटरीवरचा दिवा लाल होता. बिल्डिंगची सावली शेडवर चढत होती, पॅनलवर काळोखी पसरलेली. मशीनचा पंखा कुरकुरायला लागला होता.

"किती वेळ चालेल?" तिने विचारलं.

"मला विचारतेस?" आनंदा ओरडला. खरंच ओरडला, कोंबड्यासुद्धा चिडीचूप झाल्या. "मला विचारतेस तू? रोज सकाळी ऊन त्याच्या घरात ओतत होतीस. मळभ आहे म्हणालीस मला! मी काय आंधळा हाय? आपली अंडी मेली तर मी जाऊ दे म्हटलं असतं. माझं मी गिळलं असतं. पण ही कौसाबाईची हायेत. ती बाई टेकडी उतरून डोक्यावर आणते ती. तिला काय सांगू? दिराच्या डोळ्यात ऊन घालायचं होतं म्हणून तुझी पिल्लं मारली?"

संजीवनीने मशीनवर गोधडी ओढली. इतकी वर्षं ज्या माणसाने बोलावं म्हणून ती चिडत होती, तो बोलला होता, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आनंदा तिथे थांबला नाही. तो बांधापाशी गेला, भिंतीवर चढला आणि चौथ्या मजल्याकडे तोंड करून त्याने आरोळी ठोकली, "विनीत! ए विनीत!"

गॅलरीचा पडदा सरकला. नीलिमा बाहेर आली.

"ते घरी नाहीत, दादा. सकाळचे गेलेत."

"तुझ्याकडे इन्व्हर्टर हाय ना? वायर सोडता येईल का खाली? मशीन बंद पडतंय."

नीलिमाने एकदा शेडकडे पाहिलं. तिथे दाराशी संजीवनी उभी होती. नीलिमा आत गेली. क्षणभर संजीवनीला वाटलं, आता पडदा ओढला जाणार, आणि ओढला तर नीलिमाचं काही चुकणार नाही. पण नीलिमा बाहेर आली ती हातात पिवळी वायर घेऊन. वायर खाली सोडली तर दुसऱ्या मजल्यापर्यंतच आली. मग शेजारचं दार वाजल्याचा आवाज झाला, आणि दिनानाथ आपली वायर घेऊन गॅलरीत दिसले. दोन्ही वायरी जोडल्या गेल्या, गाठीला दोरी बांधली गेली. आनंदाने टोक धरून भिंतीवरून शेडपर्यंत ओढत आणलं.

संजीवनीने ते टोक हातात घेतलं. प्लग घालायला एक क्षण लागतो. तिला त्याहून जास्त लागला. मग तिने घातला, आणि मशीनचा पंखा पुन्हा सुरळीत फिरायला लागला.

"चाललं का?" वरून नीलिमाने विचारलं.

"चाललं," आनंदा म्हणाला.

"घरातले पंखे बंद केलेत, इन्व्हर्टर टिकेल." नीलिमा म्हणाली. मग कठड्यावर झुकून, आता सरळ संजीवनीला उद्देशून, ती म्हणाली, "ताई, एक सांगू? ऊन यायचं तेव्हा हे घरी नसायचे. साडेआठला निघतात कामाला. रोज ते ऊन मी झेललं. मी तुमचं काय केलं होतं?"

आवाजात रडू नव्हतं. राग होता, स्वच्छ आणि मापात. संजीवनीला तो राग ओळखीचा वाटला. मान खाली घालून ती आत गेली.

विनीत दिवेलागणीला आला. पायी, भिंतीला वळसा घालून, शेडच्या दारातून. लोंबणारी वायर त्याने पाहिली. तिचा जोड दाराला घासत होता, तो त्याने सोडवून खिळ्याला नीट अडकवला. मग हात झटकत म्हणाला, "माझा शब्द खोटा पडला, वहिनी."

"हो. पडला."

"मी यायला हवं होतं."

"हो."

तो तसाच उभा राहिला. तिने त्याला बस म्हटलं नाही. मशीनकडे बघतच ती म्हणाली, "तो बिल्डर बसतो कुठे?"

*

बिल्डरचं ऑफिस बदलापूर स्टेशनजवळ होतं. तिथे गाडी लावायला जागा नसते, म्हणून संजीवनी आणि विनीत शेअर रिक्षाने गेले. काचेचं दार, थंडगार हवा, आणि मधोमध टेबलावर बिल्डिंगचं मॉडेल, त्यात नखाएवढी झाडं आणि काडीएवढी माणसं. बिल्डर साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं गोड हसत सांगितलं गेलं. पाणी आलं. एक तरुण नवरा-बायको मॉडेलभोवती फिरत होते आणि टाय घातलेला पोरगा त्यांना समजावत होता.

संजीवनी मॉडेलजवळ गेली. ती सातमजली बिल्डिंग तिने लगेच ओळखली. चौथा मजला बोटाने मोजला. तिथून खाली, बांधाच्या अलीकडे, तिची शेड जिथे असायला हवी होती तिथे हिरवळ होती. आणि हिरवळीवर अजून एक बिल्डिंग.

"हे काय?" तिने विचारलं.

"फेज टू, मॅडम," पोरगा म्हणाला. "ईस्ट फेसिंग. सकाळचं ऊन डायरेक्ट लिव्हिंग रूममध्ये."

ती पोराकडे वळली. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आतच बाजूला काहीतरी आपटलं. विनीतने मॉडेलच्या टेबलावर मूठ आदळली होती. काडीएवढी दोन-चार माणसं आडवी पडली.

"कुणाची जमीन आहे ही?" विनीत गरजला. वहिनीच्या वरताण आवाज होता त्याचा. "कुणी दिली तुम्हाला? माझ्या भावाची आहे ती! इथे शेड आहे, घर आहे, विहीर आहे. ही कुणी विकलेली नाही आणि विकणार नाही. कुणाला दाखवताय हे चित्र?"

"सर, ते फक्त प्रपोज्ड आहे, फ्यूचर—"

"मलाही चार मजल्यांचं असंच चित्र दाखवलं होतं! ह्याच टेबलावर!" तो त्या जोडप्याकडे वळला. "तुम्ही फ्लॅट घेताय का? घ्या. पण आधी येऊन बघा, हिरवळीच्या जागी काय आहे ते. कोंबड्या आहेत."

तरुण बायकोने नवऱ्याच्या हाताला धरलं. आतलं दार उघडलं आणि मीटिंगमध्ये असलेले साहेब मीटिंग टाकून बाहेर आले. मग संजीवनीची पाळी आली. ती जे बोलली ते रस्त्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू गेलं. साहेब आधी हसले, मग गंभीर झाले, मग पोलिसांचं नाव काढलं. "बोलवा," ती म्हणाली, "त्यांनाही हिरवळ दाखवते." पोलीस कुणी बोलावले नाहीत. निघताना त्या पोराने संजीवनीच्या देखत फेज टूची बिल्डिंग मॉडेलवरून उचलली आणि टेबलाखाली ठेवली.

गेलेलं ऊन काही परत मिळालं नाही. उभी राहिलेली बिल्डिंग कुणी उतरवत नाही, हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. दुपारी सावली येतच राहिली, आणि आली की संजीवनीच्या तोंडून शिवी निघतच राहिली. फक्त सकाळी ती दांडा पूर्वेकडे ढकलायची आणि ऊन चढलं की पॅनल आडवी होण्याआधीच थांबवायची, म्हणजे तिरीप कुणाच्या खिडकीत जायची नाही. कौसाबाईची बहुतेक पिल्लं निघाली. काही नाही निघाली, ती तशीही निघत नाहीतच.

त्या दिवशी परतताना शेअर रिक्षात दोघं अंग चोरून बसले होते. विनीतच्या मुठीचं हाड सुजलं होतं आणि तो ते गुपचूप चोळत होता. धरणाचा रस्ता लागला तेव्हा संजीवनी बाहेर बघतच बोलली.

"शनिवारी नीलिमाला जेवायला घेऊन ये. तिची माफी मागायचीय मला."

"आणि मी?"

"तिला पोचवायला कुणीतरी लागेलच," ती म्हणाली. "बसशील कोपऱ्यात."